बघे मॅडम

फिजिओथेरपी विभागाबाहेरच्या बाकावर मी आतून बोलावणं यायची वाट बघत बसले होते, तेव्हा शेजारून आवाज आला, "जरा एवढा फॉर्म भरून द्याल? माझा उजवा हात सध्या सुट्टीवर आहे."

मी वळून पाहिलं. बोटांपासून कोपराच्या खालपर्यंत स्प्लिंट, म्हणजे टणक आधारपट्टी. दाढी एका गालावर नीट, दुसऱ्यावर कशीबशी केलेली. वय तिशीच्या आत.

"व्यवसाय?" मी पेन उघडत विचारलं.

"बाइंडर. छापखान्यात पुस्तकं शिवतो. म्हणजे... शिवायचो."

"दुखापत कशी झाली?"

"कटिंग मशीनला माझा हात कागद वाटला."

मी लिहिलं – यंत्राचं पातं लागून.

"विवाहित की अविवाहित?"

"अविवाहित. जरा ठळक लिहा."

मला हसू आलं. त्या दिवसांत ते फारसं येत नसे. फिजिओथेरपीच्या पदविका प्रवेशासाठी माझी ती दुसरी खेप होती. गेल्या वर्षी लेखी परीक्षेत निभावलं आणि मुलाखतीत आपटले. 'पुस्तक पाठ आहे, माणूस पाहिलेला नाही,' असं तिथल्या एका सरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून या वर्षी दोनशे तास रुग्णालयात बसून काम बघायचं, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र मिळवायचं आणि पुन्हा नशीब अजमावायचं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई काही बोलत नसे. पण तुझ्या बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या, हे तिच्या न बोलण्यातही ऐकू यायचं.

विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. "पेशंटला हात लावायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. डोळे उघडे आणि तोंड बंद."

मी भिंतीजवळच्या स्टुलावर वही घेऊन बसे. आठवड्यातून तीनदा बाइंडर यायचा. मॅडम त्याचा हात कोमट मेणात बुडवत, मग एकेक बोट वाकवत, आणि कोनमापक लावून आकडा सांगत. तो आकडा मी लिहून घ्यायची.

"तुम्ही नुसतं बघता?" एकदा त्यानं मला विचारलं.

"हो."

"म्हणजे बघ्या. बघे मॅडम."

तेव्हापासून तेच नाव पडलं. थोड्या दिवसांनी परिचारिकाही मला बघे मॅडम म्हणायला लागल्या.

उपचार झाले की तो बाकावर रेंगाळायचा. मी स्नायूंची नावं पाठ करत असायची. तो माझं जाडजूड पुस्तक मांडीवर घेई, डाव्या हातानं पान उलटवी आणि मास्तरांसारखा प्रश्न विचारी. उत्तर चुकलं की भुवई उंचावायची, बरोबर आलं की मान हलकेच डोलवायची – त्या डोलण्यासाठी मी घरी दुप्पट अभ्यास करते आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

"पुस्तक नुसतं चिकटवलंय, शिवलेलं नाही," तो म्हणायचा. "परीक्षेआधी सुटणार बघा."

आणि ते सुटलंच. मधली चाळीसेक पानं हातात आली.

"माझ्याकडे द्या," तो म्हणाला. "आठ दिवसांत शिवून आणतो."

"पण तुमचा हात..."

"त्याचीही परीक्षा होऊन जाईल."

मी पुस्तक दिलं. देऊ नये, हे मला कळत होतं. माझ्या वहीत त्याच्या अनामिकेचा आकडा चार आठवडे हलला नव्हता. चाळीस अंश, चाळीस, चाळीस. करंगळी त्याहून वाईट. पण त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी इतका उजेड होता, की 'नको' हा शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेला.

आठ दिवसांचे पंधरा झाले. मग एका दुपारी तो ते घेऊन आला. पुस्तक सुतळीनं बांधलेलं होतं, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधतात तसं.

"शिवता आलं नाही," तो म्हणाला. "सुई धरली जाते, पण दोरा ओढताना मागची दोन बोटं मिटतच नाहीत. दोरा सैल राहतो." तो माझ्या शेजारी बसला. आज गंमत नव्हती. "आकडे तुम्ही लिहिता. खरं सांगा... मूठ मिटेल का?"

डोळे उघडे आणि तोंड बंद. एवढं सोपं होतं.

"चाळीसच्या पुढे बहुतेक जाणार नाही," मी म्हणाले.

त्यानं मान डोलवली – उत्तर बरोबर आल्यासारखी. आतून मॅडमनी मला हाक मारली. मी उठले, आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तर बाक रिकामा होता.

पुढच्या तीन खेपांना तो आला नाही. फोन उचलला नाही. चौथ्या खेपेच्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते सांगायचं काम माझं होतं, हे सोड. तू खोटं बोलली नाहीस. पण कुठे सांगितलंस? बाकावर. आणि सांगून काय केलंस? उठून गेलीस. हात पूर्वीसारखा होणार नाही, हे कळल्यावर माणसाचा पुढचा प्रश्न असतो, मग मी काय करू? तो ऐकायला तिथे कुणी नव्हतं."

मी हातातली वही मिटली.

"शिफारसपत्र मी देईन," त्या म्हणाल्या. "पण त्यात हेही लिहीन. आणि त्याला निरोप दे, स्प्लिंट सोडायचं नाही."

बाहेर बारीक, चिकट पाऊस होता. मी घरी न जाता छापखान्यात गेले. शाईचा आणि खळीचा वास, यंत्रांचा खडखडाट. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून छापील कागदांवर डाव्या हातानं लाल खुणा करत होता. मालकानं त्याला मुद्रितं तपासायला बसवलं होतं. मला बघून तो उठला नाही.

"आज तास भरायचे नाहीत का?"

"नाही. माफी मागायला आले."

"कशाबद्दल? खरं बोललात."

"बोलले आणि पळाले. त्याबद्दल."

त्यानं लाल पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वडिलांनी मला नवव्या वर्षी शिवण शिकवली. ते म्हणायचे, पुस्तक तुझ्याआधी मरता कामा नये. आता बाकीचे शिवतात आणि मी त्यांचे काने-मात्रे तपासतो. चिडायला कुणी सापडलं नाही, म्हणून तुमच्यावर चिडलो."

"चिडा," मी म्हणाले. "पण स्प्लिंट सोडू नका. सोडलात तर चाळीसचे तीस होतील. हे मॅडमनी सांगायला सांगितलंय."

त्यानं स्प्लिंट न घातलेला उजवा हात टेबलावर ठेवला. तिथे मॅडम नव्हत्या, स्टूल नव्हतं, वही नव्हती. मी तो हात दोन्ही हातांत घेतला. तळव्यावरचा व्रण दोऱ्यासारखा ताठ होता, बोटं थंडगार. काही तपासलं नाही, काही वाकवलं नाही. नुसता धरून बसले. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

सोमवारी तो परत विभागात आला. मॅडम अर्धा तास त्याच्यासमोर बसल्या. मूठ मिटण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. डाव्या हातानं सुई कशी धरायची, उजव्यानं नुसता आधार कसा द्यायचा, तेवढंच दाखवलं.

मुलाखतीत तेच सर होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "अधिकार नसताना पेशंटला भवितव्य सांगितलंत?"

"हो."

"पुन्हा तशी वेळ आली तर?"

"आधी ज्यांचा अधिकार आहे त्यांना गाठीन. आणि मग पेशंटजवळ बसून राहीन."

त्यांनी पत्राची घडी घातली. महिन्याभरानं यादी लागली. खालून दुसरं नाव माझं होतं. महाविद्यालय आठ तासांच्या प्रवासावर. आईनं यादी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली.

निघायच्या दुपारी बसस्थानकावर आई होती, आणि तोही आला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "पाण्याची बाटली आणते," म्हणून चार पावलं लांब जाऊन उगाच उभी राहिली.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"अडीच."

"मला तुम्ही आवडता. आधीच सांगायला हवं होतं. पण वाटायचं, हात बरा झाला की सांगू. मग कळलं तो व्हायचाच नाही, तेव्हा वाटलं, आता कशाला..."

"आणि आज?"

"आज तुमची बस आहे."

"मलाही," मी म्हणाले. एवढाच शब्द निघाला, तोही अर्धा.

"वाट बघू?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. "अडीच वर्षांनी मी कुठे असेन, मला खरंच माहीत नाही. आज इथून जाववत नाही, एवढंच माहीत आहे."

त्यानं माझी बॅग उचलून बसच्या दारात ठेवली. मग म्हणाला, "आजच्यापुरतं पुरे आहे."

कंडक्टरनं घंटी वाजवली. आईनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मी खिडकीशी बसले. बस हलली तसा तो दोन पावलं सोबत चालला.

"पोचलीस की कळव."

इतके महिने 'तुम्ही' होतं. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक... मी काचेवर हात टेकवला. तो मागे पडला.

पावसानं पुन्हा भुरभुर धरली होती. मागच्या काचेतून मला दिसलं – त्यानं छत्री उघडली, डाव्या हातानं, आणि आईच्या डोक्यावर धरली. दोघं फाटकाकडे चालू लागली, हळूहळू, आईच्या पावलानं. आईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यानं पाहिलं.