तांबूस पेटीतले कोंबडे

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या हॅचरीच्या मालकाने नर-मादी पिल्लं निवडणाऱ्या बाईला कामावरून काढले. साडेअकराला ती वहिनींच्या दारात होती.

वहिनी खासगी तपास करतात. सोबत त्यांचे दीर असतात, आणि दिराच्या तोंडचे ‘वहिनी’ आता सगळ्यांच्याच तोंडी बसले आहे.

“अकरा वर्षं हेच करतेय,” बाई म्हणाली. “एका दिवसाचं पिल्लू. तांबूस असलं तर मादी, फिकट असलं तर नर. यात चुकायला आहे काय? आता गिऱ्हाईक म्हणतंय, मोठी झाल्यावर माद्यांत कोंबडे निघाले. तिनात एक! मालकांनी बाकीच्या हॅचऱ्यांनाही फोन करून माझं नाव सांगितलं. मला आता दारात कोण उभं करील?”

“फिकट पिल्लांच्या पेटीत माद्या निघाल्या?” वहिनींनी विचारले.

“एकही नाही. पण ते विचारतंय कोण!”

“तुम्हाला काही वेगळं दिसलं होतं?”

“फिकट कमी येतायत, हे मी तीन महिन्यांपूर्वीच सांगितलं. ‘मोजत बसू नकोस, निवड’ म्हणाले.”

वहिनी हॅचरीत पोचल्या, तेव्हा मालक टेबलामागून उठलाच नाही. “रंग पिल्लू घेऊन येतं, पेटीत टाकते ती. मग चूक कुणाची?”

वहिनींनी नोंदवही मागितली. तक्रार आलेल्या खेपेत चारशे पिल्लं होती. तांबूस तीनशे चार, फिकट शहाण्णव.

“आणि पूर्वी?”

“निम्मी निम्मी.”

“होतं असं,” भावजी म्हणाले. “आमच्या आत्याला पाचही मुलीच.”

“आत्याला पाच, भावजी. इथं चारशे आहेत.”

पिल्लांच्या आई-बापांच्या शेडमध्ये बाप तांबडे, आया पांढऱ्या, असे मालकाने सांगितले. रोगाच्या भीतीने आत एकटा त्याचा धाकटा भाऊच जात असे. वर्षभरात मालकानेही आत पाऊल टाकले नव्हते.

उबवणीचे यंत्र सांभाळणारा वैतागलेलाच होता. “उबेनं नर-मादी ठरत नाही, वहिनी. हे सतरा वेळा सांगून झालं. माझ्याकडे अंडी येतात, मी उबवतो. मध्यंतरी दहा-बारा दिवस निम्मीच आली, तेव्हाही मलाच विचारलं. जणू मीच घालतो!”

“मग?”

“मग आली पुन्हा पूर्ववत. त्यानंतरचीच ही खेप.”

धाकटा शेडच्या दारात आडवा उभा राहिला. “कोंबड्या दोनशे होत्या, आजही दोनशेच आहेत.”

भावजींनी उंबऱ्यावरून विजयी मुद्रेने तांबडे पीस उचलले. “वहिनी, हे बघा!”

“बाप तांबडेच आहेत, भावजी. टाका ते.”

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना कचेरीत बसवले.

“बाई निष्काळजी असती, तर चूक दोन्ही पेट्यांत पडली असती. फिकट पेटीत एकही चूक नाही. म्हणजे हात बरोबर होता, पिल्लं वेगळी होती.”

“पिल्लं वेगळी कशी होतील?” मालक म्हणाला.

“कोंबडीकडे या रंगाचा घटक एकच असतो, आणि तो ती फक्त मुलग्यांना देते. मुलींना तो बापाकडूनच मिळतो. पांढरा घटक तांबड्याला झाकतो. म्हणून पांढऱ्या आईचे मुलगे फिकट आणि मुली बापासारख्या तांबूस. आता आईच तांबडी असेल तर?”

“मुलगेही तांबूस,” भावजी म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

“निम्म्या आया तांबड्या धरा. पांढऱ्या आयांची दोनशे पिल्लं, त्यात शंभर फिकट, शंभर तांबूस. तांबड्या आयांची दोनशे, सगळी तांबूस, त्यातले शंभर नर. करा बेरीज. तांबूस तीनशे, फिकट शंभर. आणि तांबूस पेटीत तिनात एक कोंबडा.”

मालकाने नोंदवही ओढून आकडे पुन्हा ताडून पाहिले.

वहिनी धाकट्याकडे वळल्या. “अंडी निम्म्यावर आली, तेव्हा काय झालं होतं?”

“पंखे बंद राहिले,” तो म्हणाला. “माझ्याकडूनच. शंभर पांढऱ्या मेल्या. दादाला काय सांगणार? खायची अंडी देणाऱ्या शेडमधल्या शंभर तांबड्या आणून सोडल्या. इथल्याच आई-बापांच्या पोरी त्या. कोंबडी ती कोंबडी. अंडी तर आली ना!”

“आणि नाव माझं गेलं,” बाई म्हणाली.

मालकाने नोंदवही मिटली. “घरातली गोष्ट आहे. बघतो.”

“त्या हॅचऱ्यांना कधी फोन करताय?” बाईने विचारले.

“बघतो म्हटलं ना!”

“पुरावा हवा असेल तर शेडचं दार उघडा,” वहिनी म्हणाल्या. “आत्ता.”

दार उघडले. मालकाने आत निम्म्या तांबड्या कोंबड्या पाहिल्या आणि गाडीत बसून निघून गेला.

शनिवारी दुपारपर्यंत एकाही हॅचरीला फोन गेलेला नव्हता. यंत्रात त्याच शेडची बाराशे अंडी होती आणि पहिली सोमवारी फुटणार होती. ती पिल्लं निवडायला कुणाला बोलवायचे, हे ठरलेले नव्हते.