आवाजाचं बिऱ्हाड

शिडी परत द्यायला म्हणून शेजारीण कंपाउंडरांच्या घरी गेली आणि तिथंच अडकली. कंपाउंडर जाऊन वर्ष होत आलं होतं, पण रोज संध्याकाळी सहाला दीडशे म्हाताऱ्यांच्या फोनवर त्यांचाच आवाज यायचा, “गोळी घेतलीत का?” त्यांच्या लेकीनं केलेलं ॲप होतं ते. ज्या कंपनीच्या क्लाउडवर ते चालायचं, ती आज सहालाच कायमचं कुलूप लावणार होती.

“मग दुसरीकडे हलव की गं!”

“ॲप हलवलं, काकू. खोक्यात भरल्यासारखं बांधलेलं होतं. उचललं, नव्या कंपनीत ठेवलं. पण बाबांची ती बारा रेकॉर्डिंग्ज...” लेक ओठ चावत होती. “ती मी आळसानं जुन्या कंपनीच्या खास कप्प्यात ठेवलेली. त्यांच्या किल्लीशिवाय दुसरीकडे उघडतच नाहीत.”

“म्हणजे पेटी सासरी नि किल्ली माहेरी!”

कुणी हसलं नाही. मध्यंतरी मशीनचा आवाज लावून पाहिला, तर म्हातारे फोन कापायचे आणि गोळ्या राहायच्या. शिवाय लेकीची आई. ती दिवसभर त्या एका वाक्याची वाट बघायची.

सहा वाजले. स्क्रीनवरची जुनी खिडकी काळी पडली. नवा कप्पा रिकामाच. खोलीत कुठूनसा टिंक्चरचा वास पसरला.

“गेले...” आई पुटपुटली.

तेवढ्यात शेजारणीचा फोन वाजला.

“गोळी घेतलीत का?” तोच घसा, तीच खोकल्याची ढास. पण एरवी आवाज थांबायचा तिथं तो थांबला नाही. श्वास ऐकू आला... “वहिनी, हिला सांगा... पोहोचलो.”

शेजारणीनं निरोप जसाच्या तसा आईला सांगितला. आईनं तोंडावर हात धरला, आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली.

“पण काकू... ॲपचे फोन तर मी अजून सुरूच केले नाहीत.” लेक वळली. नव्या कप्प्यात सगळी रेकॉर्डिंग्ज येऊन बसली होती, उघडीच. तिनं बटण दाबलं. गल्लीतल्या घराघरांतून फोन वाजू लागले. एकानंही कापला नाही.

“बारा होती ना?” शेजारणीनं चष्मा लावून मोजलं. तेरा भरली.

तेराव्याची लांबी सेकंदासेकंदानं वाढत होती.