लिंबाजीच्या खिशातलं कोरं कार्ड

लिंबाजीची कवटी मागून फुटली होती. वीट शेजारीच पडली होती, कडेला केस चिकटलेले.

चुडावा रेल्वे स्टेशनच्या मागची बाभळीची झुडपं. सकाळचे नऊ. फौजदार किशनराव जीपमधून उतरले, तोवर पन्नास-साठ माणसांनी तपास पुरा करून टाकला होता.

"खुनी कोंडून ठिवलाय सायेब, स्टेशनच्या खोलीत," आबासाहेब म्हणाले. गावातले मोठे शेतकरी. मत मागायच्या आधीच द्यायची सवय. "वालूरची मालनबाई. रेडिओवाली. यांना विद्यापीठाचं नाव बदलून पायजे, अन् रेडिओच्या जागी हे वीट देतेत!"

किशनरावांनी मनात आबासाहेबांच्या खात्यावर एक नोंद केली आणि प्रेताजवळ बसले.

बंडीच्या खिशात तंबाखू, चुन्याची डबी आणि एक पोस्टकार्ड. नवं, कोरं. कोपरा रक्तानं भिजलेला.

"लिहिता येत होतं का याला?"

"अंगठाबहाद्दर," लिंबाजीची बायको धुरपताबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "दिवस उगवायला घरून गेला. ही वीट अन् पार्सलाचं कापड घिऊन."

वीट होती. कापड नव्हतं.

खोलीत मालनबाई भिंतीला टेकून बसली होती. दगडानं कपाळ फुटलं होतं. दाबून धरलेला पदर लाल झाला होता. बाहेरून दारावर लाथा बसत होत्या.

"पहिला दगड कुणी मारला?"

"धुरपताबाईनं. तिचा हक्क हाय."

"धंदा काय तुमचा?"

"पोस्टानं ट्रान्झिस्टर पाठवते, व्ही.पी.नं. पोस्टमनला आधी पैसे, मग खोकं हातात. लोक म्हणायचे, आत धोंडा निघाला तर? म्हणून जाहिरातीत छापलं, ऑर्डरीच्या कार्डावर मनातला एक खुणेचा शब्द लिहा. पोस्टमननं पार्सलावरचा शब्द वाचून दाखवावा. जुळला तरच पैसे द्या."

"आणि जुळला?"

"चौघांचा जुळला. चौघांना वीट निघाली." तिनं पदर कपाळावर पुन्हा दाबला. "काल संध्याकाळी ही ओरड ऐकून आले. इथल्या गीताबाई मास्तरणीकडं उतरले, त्याबी माझ्या गिऱ्हाईक. चौघांना बोलवून सांगितलं, बाबांनो, तुमचं कार्डच मला मिळालं न्हाई. त्यांनी शिव्या दिल्या. लिंबाजी तेवढा गप उभा होता."

"गीताबाईंना रेडिओ मिळाला?"

"वाजायलाय की."

"ऑर्डर कुणी लिहिली होती?"

"त्यांनीच. मास्तरीण हायेत त्या."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "फौजदार, तिला भाईर काढा, न्हाईतर आमी आत येतो!"

किशनराव बाहेर आले. शिपायानं काठी आडवी धरली होती. त्याचाही ओठ फुटला होता. फसलेल्या चौघांपैकी उरलेल्या तिघांना त्यांनी पुढं बोलावलं.

"तुमची कार्डं कुणी लिहिली?"

"बन्सीधरनं," तिघंही म्हणाले.

"पेटीत कुणी टाकली?"

"त्यानंच. म्हणला, ठिवा, मी टाकतो."

"आणि पार्सलाची कापडं?"

"चुलीत घातली, सायेब. रागच लय आला."

स्टेशनसमोरच्या लिंबाखाली बन्सीधर लाकडी पेटीवर कागद ठेवून लोकांची पत्रं लिहायचा. मेल्याची, लग्नाची, कोर्टाची. तालुक्याला कळायच्या आत घरोघरची बातमी त्याला कळायची. आजही तो बैठकीवर होता. सदरा नुकताच धुतलेला, अजून ओला.

"लिंबाजी आज आला होता?"

"न्हाई सायेब. आठ रोज तोंड पाह्यलं न्हाई."

"त्याचं ऑर्डरीचं कार्ड तू लिहिलंस?"

"लिवलं की. समद्यांचंच लिवतो. पेटीत टाकलं. पुढचं त्या बाईला इचारा."

"ऊठ जरा. पेटी बघू."

बन्सीधर उठला, पण पेटी उघडायला नाही. पेन्सिल तासायचा चाकू त्यानं सरळ किशनरावांच्या पोटाकडं मारला. किशनरावांनी हात मध्ये घातला. पातं तळव्यात रुतलं. शिपायाची काठी बन्सीधरच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला.

पेटीत कागदांखाली पार्सलाचं कापड निघालं. त्यावर मालनबाईचं नाव, लिंबाजीचा खुणेचा शब्द, आणि पोस्टाचा शिक्का वालूरचा नाही, पूर्णेचा.

किशनरावांनी रुमाल तळव्याला गुंडाळला आणि जमावाकडं वळले.

"खुणेचा शब्द गुपित असतो, नाही का? आणि तुम्ही चौघांनी तो आधी याला सांगितला, लिहायला. ज्यांनी स्वतः लिहिलं, त्या मास्तरीणबाईंना रेडिओ मिळाला. वीट मिळाली ती फक्त याच्या गिऱ्हाइकांना. तुमची कार्डं यानं पेटीत टाकलीच नाहीत. पूर्णेला जाऊन मालनबाईच्या नावानं विटा पाठवल्या. पैसे यायला पत्ता तिथलाच दिला."

"पर मारला कशापायी?" आबासाहेबांनी विचारलं.

"काल मालनबाई म्हणाली, कार्ड मिळालं नाही. तुम्ही शिव्या दिल्या. लिंबाजीनं विचार केला. ज्याला लिहिता येत नाही, तो कोरं कार्ड घेऊन कुठं जातो? लिहिणाऱ्याकडंच. तो आज इथं आला. म्हणाला असेल, मागच्यासारखंच लिही, पण या वेळी पेटीत नको, मीच बाईच्या हातात देतो. कार्ड तिच्या हातात पडलं असतं, तर मागची का पडली नाहीत, हे कार्डावरचं आणि कापडावरचं अक्षर ताडून सगळ्यांना कळलं असतं. यानं त्याला कापड नीट बघायच्या मिषानं झुडपांत नेलं असेल. वीट लिंबाजीच्याच हातातली."

"फुकट बोंबलत हुता," मोडलं मनगट छातीशी धरून बन्सीधर कण्हला. "गप ऱ्हाय म्हणलं. ऱ्हायला न्हाई."

मग जमाव त्याच्यावर पडला. जीपपर्यंत नेईतो त्याचे दोन दात गेले. दगड तेच होते, हात तेच होते. नेम तेवढा बदलला होता.

खोलीचं दार उघडलं. आबासाहेब बाजूला झाले, पण नजर वर केली नाही. परभणीकडच्या गाडीची घंटा झाली.

"जा बाई," किशनराव म्हणाले. "तुमचं नाव साफ झालं."

मालनबाई फलाटाकडं निघाली. वाटेत, झुडपांतून आणून ठेवलेल्या प्रेताशेजारी धुरपताबाई बसली होती. मान वर न करता ती म्हणाली,

"त्यो तुला वळखत नव्हता. बन्सीधरचं नाव घिऊन पार्सल आलं असतं, तर पैसे दिले नसते त्यानं. तुझं नाव ऐकून दिले."

गाडी फलाटाला लागली. मालनबाईनं गाडीकडं पाहिलं, मग प्रेताकडं.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच नाव हुतं."

ती धुरपताबाईच्या शेजारी मातीत बसली. गाडी निघून गेली.