फरश्या नेल्या, किल्ली दिली

"चोराने काय नेलं म्हणालात?" मेहुण्याने पुन्हा विचारलं. पहिल्यांदा ऐकलेलं त्याच्या पचनीच पडेना.

"पायवाटेच्या फरश्या," बाइंडिंगवाल्या बाई म्हणाल्या. "भिंतीवरचा दिवा. आणि गिऱ्हाइकांना बसायचा बाक. त्याचा एक पाय तर मोडकाच होता."

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. दाजी, म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, पूर्वी जमिनी मोजायचे. आता खाजगी तपास करायचे, तरी लोक त्यांना मोजणीदारच म्हणत. मेहुणा त्यांच्याकडे चार दिवस राहायला आला होता तो तिथलाच झाला, आणि दाजींच्या तपासात लुडबुड करणं हाच त्याचा धंदा झाला.

बाईंची हकीकत साधी होती. पुस्तकं बांधायचा त्यांचा कारखाना एका गोदामाच्या मागे. रस्त्यावरून तिथे पोचायला गोदामाच्या आवारातून जाणारी एकच वाट. नवऱ्याने हयात असताना त्या वाटेवर फरश्या बसवल्या, दिवा लावला, बाक ठेवला. आता बाईंचं आणि सासूबाईंचं पोट त्या कारखान्यावर चालत होतं.

"आवारातून जायला मालकांची परवानगी घेतली होती?" दाजींनी विचारलं.

"कसली परवानगी? लग्न होऊन आले तेव्हापासून जाते-येते. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी अडवलं नाही." बाई ओशाळल्या. "विचारायला हवं होतं का हो?"

"छे, छे," दाजी म्हणाले, आणि सरसावून बसले.

"माणसं चांगली आहेत. चोरी झाल्यावर मालकांच्या भाच्याने फाटकाला नवं कुलूप लावलं. वर एक किल्ली मला आणून दिली, लाल फीत बांधून. म्हणाला, काकू, तुमची अडचण नको व्हायला. उद्या फक्त किल्ली मिळाल्याची सही द्यायची आहे."

"म्हणजे अजून दिलेली नाही. मग आजच जाऊ," दाजी म्हणाले आणि चपला शोधू लागले.

आवारात गेल्या गेल्या मेहुण्याच्या डोक्यात प्रकाश पडला, निदान त्याला तसं वाटलं. कोपऱ्यात तांब्याच्या नळ्यांची रास उघड्यावर पडली होती. "दाजी, चोर वेडा आहे. हे सोडून त्याने फरश्या नेल्या."

"किंवा त्याला तांबं नको होतं."

फरश्या उखडलेली जागा कुणीतरी दाताळ्याने ओढून सपाट केली होती. माती मऊ होती, पण फाटकाकडे जाणारी गाडीच्या चाकाची एकही खूण नव्हती. दाजी भिंतीपाशी गेले. दिवा होता तिथे त्यांनी बोट फिरवलं. खिळ्यांची भोकं बुजवून वर रंग दिला होता. भिंतीसारखाच विटका पिवळा, शोधावा लागेल इतका बेमालूम.

गोदामाचे मालक ओसरीवर गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. दोघांना पाहताच त्यांनी तोफ डागली. "दिवा सापडला का? मुलीकडे जाऊन आलो तर दिवा गायब. त्या बाइंडिंगवालीच्या दिव्यात मला माझ्या पायऱ्या दिसायच्या. आता रोज ठेचकाळतोय."

"बाई इथून जातात, त्याचं काय?"

"त्याचं काय असायचं? जाते. तिचा रस्ता आहे."

"गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्या कमरेला, दुसरी भाच्याकडे. सगळं तोच बघतो. गुणी पोरगा आहे. आवार विकायचं घाटतंय, त्याची धावपळही त्याचीच."

विक्रीचा दलाल बाहेरच भेटला. तो घाम पुसत होता. "व्यवहार पक्का आहे हो. घेणाऱ्याची अट एकच, जागेवर कसला बोजा नको. म्हणजे कुणाचं कर्ज नको, हक्क नको, वहिवाट नको. भाचेसाहेब म्हणाले, जागा स्वच्छ आहे. मी गोदाम आतून पाहिलेलंही नाही, कायम बंद."

भाच्याने मात्र खुर्च्या मांडल्या, पाणी आणून दिलं. "काकूंना आम्ही पहिल्यापासून परवानगी दिलेली आहे. कुलूप लावलं तरी त्यांची परवानगी कायम. शेजारधर्म आहे शेवटी."

वाटेत मेहुणा म्हणाला, "मला तो दलाल पटत नाही. घाम बघितलात?"

"ऊन होतं," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे गोदामाच्या कचेरीत जमले. भाच्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पेन बाईंपुढे धरलं. बाईंनी ते घेतलंही.

"थांबा," दाजी म्हणाले. "कागद मी पाहिलेला नाही. तरी त्यात काय आहे ते सांगतो. 'मालकांच्या परवानगीने मी आवारातून ये-जा करते.' असंच ना?"

भाचा कागदाची घडी चाचपत राहिला. मालकांनी तो त्याच्या हातातून ओढून वाचला. "आहे की. मग त्यात वावगं काय?"

"मामा, परवानगी म्हणजे मेहेरबानी. देणारा ती उद्या काढून घेऊ शकतो. पण एखादी वाट माणूस वर्षानुवर्षं, उघडपणे, कुणाला न विचारता वापरतो आणि कुणी अडवत नाही, तेव्हा वहिवाटीचा हक्क तयार होतो. जागा विकली तरी तो हक्क जागेबरोबर जातो. बाईंनी ही सही केली असती, तर आपण हक्काने कधी जातच नव्हतो असं स्वतःच्या हाताने कबूल केलं असतं. नवा मालक म्हणाला असता, परवानगी बंद."

"मग मी कारखान्यात शिरणार कुठून?" बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही शिरूच नये, हाच बेत होता. म्हणून तर तांबं राहिलं आणि फरश्या गेल्या. फरश्या, दिवा, बाक, तिन्ही एकच गोष्ट सांगत होते. इथे वाट आहे, जुनी आहे, राजरोस आहे. तो पुरावा काढून घेतला आणि त्याच हाताने किल्ली दिली. चोरीचं निमित्त झालं म्हणून कुलूपही शोभून दिसलं."

"पण हात कुणाचा?" मेहुण्याला राहवेना.

"चोर भोकं बुजवत बसत नाही, मेहुणे. भिंतीचा तो विटका पिवळा रंग दुकानात मिळायचा नाही. तो उरलाय तो गोदामातल्या डब्यात. दलालांकडे किल्ली नाही. मामा तेव्हा मुलीकडे होते, आणि दिवा गेल्याचं सर्वांत जास्त दुःख त्यांनाच. राहिली दुसरी किल्ली. शिवाय मामा म्हणतात 'तिचा रस्ता', बाई म्हणतात 'विचारलं नाही', एकटे हे भाचेसाहेबच परवानगीचा जप करतात. फाटकाकडे चाकाची खूण नाही, तेव्हा फरश्याही दूर गेलेल्या नाहीत. गोदाम उघडा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसंच झालं. फरश्या ताडपत्रीखाली होत्या, शेजारी बाक आणि दिवाही. बाई खाली बसल्या आणि एका फरशीवरून त्यांनी हात फिरवला. ती मधोमध झिजली होती.

"तुमच्यासाठीच केलं, मामा," भाचा पुटपुटला. "बोजा निघाला तर भाव पडेल."

"माझ्यासाठी म्हणून त्या बाईचा केसाने गळा कापायला निघालास?" मालक गुडघा धरत उठून उभे राहिले. भाच्यावर त्यांचा जीव होता, ते तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी कागद फाडला. "भाव पडू दे. फरश्या होत्या तिथे बसव. तू स्वतः बसव. आणि ते कुलूप काढ."

बाईंनी पदराची गाठ सोडली आणि लाल फितीची किल्ली टेबलावर ठेवली. डोळे पुसत त्या मालकांकडे वळल्या. "मामा, तुमचे फार उप..."

दाजी मोठ्याने खाकरले. बाई गोंधळून थांबल्या.

"उपकार कसले?" म्हातारा खेकसला. "तुझी वाट आहे. जा, कामाला लाग."

बाई उठल्या. कुणालाही न विचारता, कुणाचेही आभार न मानता त्या आवारात उतरल्या आणि फरश्या नसलेल्या मातीवरून चालत कारखान्यात गेल्या.