सत्तेचाळीस नंबरची ओ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. गोष्ट माझ्या धाकट्या मेहुण्याची आहे आणि तो थापाड्या नाही. थापा मारायलाही थोडी कल्पनाशक्ती लागते.

तो एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळतो. चौदा नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र. रक्त तपासणाऱ्या लॅबचं जुनं मशीन काढून त्याचं काम नव्या सर्व्हरमधल्या व्हर्च्युअल मशीनकडे द्यायचं होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या मशीनच्या पोटातला भाडेकरू. त्याला स्वतःची केबल नसते. घरमालकाच्या केबलपर्यंत सॉफ्टवेअरचा पूल बांधून द्यावा लागतो. तासाभराचं काम. मात्र नेटवर्कवरचा पत्ता जुनाच हवा, सत्तेचाळीस नंबरचा, कारण लॅबची सगळी यंत्रं तिथेच रिपोर्ट पाठवायची. आणि सकाळी सातला एका सहा वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन होतं.

तो पत्ता मुळात बसवला होता काकांनी. सख्खे काका नव्हेत, तिथले म्हातारे तंत्रज्ञ. डावखुरे, तिरसट, पण कामाला वाघ. तपासलेल्या प्रत्येक केबलला लाल दोऱ्याची गाठ मारायचे. म्हणायचे, "पत्ता देण्याआधी त्याला हाक मारायची. कुणी ओ दिली, तर ते घर रिकामं नाही." उन्हाळ्यात गेले बिचारे. सर्व्हरच्या खोलीतच, आपल्या खुर्चीत.

एक वाजून दहा मिनिटांनी मेहुण्याने खोलीला आतून कडी लावली. जुनं मशीन उपटून जमिनीवर ठेवलं. पिशवी फाडून कोरी केबल काढली, सर्व्हरला जोडली, पूल बांधला. भाडेकरूला अजून उठवलंही नव्हतं. नियमाप्रमाणे त्याने सर्व्हरवरून सत्तेचाळीसला हाक मारली, म्हणजे एक छोटा संदेश धाडला; त्या पत्त्यावर कुणी असेल तर पडद्यावर उत्तराची ओळ उमटते.

ओ आली.

कुणीतरी आगाऊपणा करून पत्ता ढापलाय, असं म्हणत त्याने केबल काढली. आता सर्व्हरचा जगाशी संबंध उरला नाही. पुन्हा हाक मारली.

ओ आली. एक मिलिसेकंदही न लावता. ओ जितकी लवकर, तितका देणारा जवळ...

त्याने पूलच मोडला.

ओ.

फोन वाजला तसा तो दचकला. वॉर्डातली नर्स होती. "अहो, मुलीचं रक्त लॅबमध्ये दिलंय. रिपोर्ट कधी दिसेल?"

"होतंय, ताई. होतंय."

एका पत्त्यावर दोघे बसले, की रिपोर्ट कुणाच्या हाती लागेल त्याचा नेम नाही. पडद्यावर ओळी सरकत होत्या. ओ... ओ... ओ...

मागे खुर्ची करकरली.

त्याने वळून पाहिलं नाही.

"काका... सोडा आता. मी सांभाळतो."

ओ.

"पोरगी सहा वर्षांची आहे हो, काका."

...

...

ओ आली नाही.

त्याने पूल पुन्हा बांधला, केबल खोचली, भाडेकरूला उठवून पत्ता दिला. पहिल्या फटक्यात जोडणी लागली. पाच वाजता रिपोर्ट गेला. मुलगी खडखडीत बरी होऊन घरी गेली, हे मी स्वतः विचारून घेतलंय.

उजाडेपर्यंत मेहुणा तिथेच बसून होता. दाराची कडी आतून तशीच. निघताना केबल नीट बसली ना, म्हणून त्याने सर्व्हरच्या मागे हात घातला. बोटांना काहीतरी लागलं.

लाल दोरा. गाठ डाव्या हाताची.