जड हात, नाजूक सुई

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच अडकली, तेव्हा तिला स्वतःची काळजी वाटलीच नाही. काळजी वाटली ती हातातल्या डबीची. डबीत रेकॉर्ड प्लेअरची सुई होती... केसासारख्या दांडीवर बसवलेली, हिऱ्याच्या टोकाची. लिफ्टनं आणखी एक गचका दिला असता तर त्या दांडीचं काय झालं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आत कोणी आहे का?" वरून एका पुरुषाचा आवाज आला.

"आहे."

"किती जण?"

"दोघी. मी आणि एक सुई."

मग आवाज म्हणाला, "सुई घाबरलीय का?"

"तिला धक्का सोसत नाही. हळू खाली घ्या."

"आणि तुम्हाला?"

"मला सोसतो. सवय आहे."

"मग सुईच्या बेतानंच घेतो..."

आणि लिफ्ट इतकी अलगद खाली आली की ती टेकली कधी हे तिला कळलंसुद्धा नाही. दार उघडलं. समोर बाहीला ग्रीस लागलेला, कपाळावर घाम आलेला एक उंच माणूस उभा होता. त्यानं तिच्याकडे बघायच्या आधी डबीकडे बघितलं आणि विचारलं, "बरी आहे ना?"

इथंच तिची विकेट पडली होती, असं म्हणायला माझी काहीच हरकत नाही. पण कार्टीला ते कळायला फार वेळ लागला. कळायला वेळ लागणं हीच तर या सगळ्या गोष्टीतली खोट आहे.

चौथ्या मजल्यावर तिच्या मामाचं दुकान होतं. जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्याचं. मामानं तिला लहानपणापासून हाताखाली घेऊन सगळं शिकवलं, आणि आता त्याची नजर कमी झाल्यामुळे बारीक काम सगळं तीच करायची. रेकॉर्डवर सुई धरून ठेवणारी जी दांडी असते तिला बाकीचे टोनआर्म म्हणतात. मामा तिला नुसता 'हात' म्हणायचा. सुई आणि ती बसवलेली चिमुकली पेटी, ज्याला लोक कार्ट्रिज म्हणतात, ते सगळं मिळून 'सुई'. कोणत्या हाताला कोणती सुई मानवेल ते ठरवायचं, याला मामाच्या भाषेत जमवणं म्हणत. भाचीचंही बोलणं तसंच झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात लिफ्टवाला दोन्ही हातांत एक अवजड प्लेअर घेऊन दुकानात आला. तो त्याच्या आत्याचा होता. आईवडिलांमागं आत्यानंच त्याला वाढवलं होतं.

"हौसेनं भारीतली नवी सुई आणून घातली," तो म्हणाला. "तेव्हापासून आत्या म्हणते, गाणारी बाई थंडीनं कुडकुडतेय."

"हात बघू," ती म्हणाली.

त्यानं प्लेअर खाली ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि आपला उजवा हात तिच्यासमोर पसरला.

मागच्या खोलीच्या दारात मामा उभा होता. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे," असं म्हणून तो हसत आत निघून गेला.

तिचे कान लाल झाले. "तुमचा नाही हो. ह्याचा."

"असं होय... मला वाटलं, भविष्य सांगताय."

"सांगते की. जड आहे."

"माझा?"

"दोघांचाही."

तिनं तपासणीची रेकॉर्ड लावली. तिच्यात गाणं नव्हतं, नुसते खोल, घुमणारे सूर होते. सूर खाली खाली उतरत गेले आणि एका जागी प्लेअरचा हात थरथरायला लागला. ती वाकून बघत होती, तोही वाकला, आणि दोघांची डोकी जरा जास्तच जवळ आली.

"दिसलं? हात जड आणि सुईचं अंग फार मऊ. रेकॉर्ड जरा वाकडी आली की हात एकीकडे ओढतो, सुई दुसरीकडे. यांचा छत्तीसचा आकडा आहे."

"मग यांनी काय करायचं?"

"जड हाताला ताठ सुई द्यायची. मऊ सुईला हलका हात. ज्याचं त्याला मिळालं की कोणी थरथरत नाही."

"आणि ही नाजूक सुई बिचारी एकटी पडणार?"

"माझ्या घरी हलका हात आहे," ती म्हणाली, आणि म्हणाल्यावर पुन्हा कान लाल झाले.

"मग तुमच्याकडेच नांदू दे तिला," तो म्हणाला. त्याबदल्यात तिनं आत्याच्या प्लेअरला एक छानशी ताठ सुई बसवून दिली. आत्यांनी फोन करून कळवलं की बाईची थंडी गेली.

त्यानंतर त्या इमारतीची लिफ्ट जितक्या वेळा तपासली गेली तितकी जगात कुठली तपासली गेली नसेल. "इतकी ठणठणीत लिफ्ट, आणि हा रोज नाडी बघायला येतोय," मामा म्हणायचा, आणि चहाला एक कप जास्त टाकायचा. लिफ्टवाला बोलायला मोकळा होता. मनात आलं की ओठांवर. तिचं उलट. ती प्रत्येक गोष्ट भिंगाखाली धरणार, फिरवून बघणार, पुन्हा धरणार.

एका दुपारी खिडकीवर रिमझिम पाऊस वाजत होता आणि ती त्याला रेकॉर्डवर सुई टेकवायला शिकवत होती. त्याचं बोट कापत होतं. तिनं त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरला.

"हलका... हलका सोडा हात."

"हलकाच आहे. तुझ्यामुळे थरथरतोय."

तुझ्यामुळे. तुमच्यामुळे नाही. तिला ते ऐकू आलं, अगदी स्पष्ट ऐकू आलं, पण तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. सुई टेकली, गाणं सुरू झालं, तरी तळवा तिथंच राहिला. तो तेव्हापासून तिला 'तू' म्हणू लागला आणि ती मात्र 'तुम्ही'वरच अडून बसली. मनात 'तू' म्हणून बघायची, बरं वाटायचं, पण तोंडातून निघायचं नाही.

मग एका सोमवारी तो जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "कंपनी मला पाठवतेय. लांब. नव्या टॉवरच्या सगळ्या लिफ्ट माझ्याकडे देणारेत. चारेक वर्षं तरी. आत्याही येईल माझ्याबरोबर."

"कधी?"

"शुक्रवारपर्यंत सांगायचंय, येतो की नाही ते."

जाऊ नका. एवढंच म्हणायचं होतं. तिनं विचारलं, "उंच टॉवर आहे?"

"खूप."

"छान की. मग जायलाच हवं..."

तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि उठला. त्या रात्री तिनं स्वतःला पोटभर शिव्या घातल्या. पण भरल्या घरात उशीला सांगितलेली गोष्ट ज्याला सांगायची त्याच्यापर्यंत पोचत नाही.

शुक्रवारी तो आला तेव्हा तिच्या डोळ्यावर भिंग होतं, हातात चिमटा होता आणि चिमट्यात केसाएवढी तार होती. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. तो टेबलाजवळ येऊन उभा राहिला. नेहमीसारखा बसला नाही.

"एक विचारायचं होतं."

"हं."

"समजा, एक जड हात आहे. आणि एक नाजूक सुई. म्हणजे... दोघांना एकमेकांशिवाय दुसरं काही नकोय. जमेल?"

आता तुम्हाला कळलं. मलाही कळलं. पण शिंप्यासमोर कोणी सुईदोऱ्याचं काढलं, तर तो सुईदोऱ्याचंच समजणार. तिनं मान वर केली नाही.

"नाही."

"प्रयत्न केला तर?"

"सुरुवातीला बरं वाजतं. मग जरा काही वाकडं झालं की ओढाताण सुरू. शेवटी सुई झिजते. बिचारीचा काही दोष नसतो."

"आणि हातानं... थोडं बदलायचं ठरवलं तर?"

"हात कसा बदलेल? तो आहे तसाच राहणार." तार हळूच आत सरकली. तिनं श्वास सोडला. "उगाच जबरदस्ती करू नये. दोघांनाही दुसरं बघून द्यावं. सुखात राहतात."

तो हसला. नेहमीचं हसू नव्हतं ते, पण तिनं बघितलंच कुठं?

"एकदम स्पष्ट सांगितलंस," तो म्हणाला. "बरं झालं. मग... कळवून टाकतो."

तिनं तार पक्की केली, भिंग काढलं, आणि विचारलं, "काय कळवताय?" समोर कोणी नव्हतं. जिन्यातून पावलं वाजत खाली चालली होती.

मामा तीन कप घेऊन बाहेर आला. "गेला? चहा न घेता?"

"कोणाच्या तरी प्लेअरचं विचारायला आला होता. जड हात, नाजूक सुई, जमेल का म्हणून."

"कोणाच्या प्लेअरचं?"

"त्याच्याच असेल."

"त्याचं तर आपण कधीच जमवून दिलं." मामानं कप खाली ठेवले. "आणि ती नाजूक सुई तुझ्या घरी वाजतेय. मग हा कुठल्या हाताचं विचारत होता?"

तिनं हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"तू काय सांगितलंस?"

"जमणार नाही म्हटलं."

"अगं वेडे..." मामा म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

ती जिन्यावरून धावत खाली गेली. रस्त्यावर माणसंच माणसं होती, तो नव्हता. फोन लावला तर व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तो कंपनीला होकार देत होता. लाईन मोकळी झाली तोपर्यंत त्यानं शब्द देऊन टाकला होता.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. सगळीकडे खोकी, दोऱ्या, वर्तमानपत्रं. आत्या आत भांडी गुंडाळत होत्या. तो एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"तू सुईचं विचारत नव्हतास," ती म्हणाली.

चिकटपट्टी थांबली. ती पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली होती, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं.

"नाही," तो म्हणाला.

"मी सुईचंच सांगत होते."

"माहितीये. जिन्यात अर्ध्यावर आलो तेव्हा कळलं."

"मग परत वर का नाही आलास?"

"आलो होतो दोन-तीन पायऱ्या. पण मनात आलं, तिनं सांगितलं त्यात खोटं काय आहे? मी असा धसमुसळा, तू अशी जपून वागणारी. माझ्यामुळे तू झिजलीस तर?"

"आता विचार. सुईबिई काही न घालता. सरळ विचार."

त्यानं हातातलं सगळं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ग्रीसचा तोच ओळखीचा वास आला.

"माझं तुझ्याशी जमेल?"

'हो' तिच्या जिभेवर होतं. खरंच होतं. पण इतकी वर्षं गिऱ्हाइकांकडून हाच प्रश्न रोज ऐकलेला, आणि रोज एकच उत्तर दिलेलं. जिभेला वळणच तसं लागलेलं. ती म्हणाली, "वाजवून बघितल्याशिवाय कसं सांगू... थोडे दिवस बघू या ना?"

तो किंचित हसला. "बघायला मी इथं असायला हवा ना गं."

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून आत्यांनी हाक मारली, "अगं, आलीच आहेस तर हा प्लेअर तेवढा नीट बांधून दे. याच्या हाती दिला तर तुकडे होतील."

मग तिनं प्लेअर बांधून दिला. हात दोऱ्यानं घट्ट बांधला, सुईवर टोपी बसवली, चारी बाजूंनी कापूस भरला. कुठंही नेला तरी ओरखडा उमटणार नाही इतका चांगला बांधला. तो शेजारी बसून दोरी धरत होता आणि दोघंही दोरीबद्दलच बोलत होते.

गेल्यावर फोन व्हायचे. तो तिथल्या लिफ्टचं सांगायचा, ती दुकानातलं सांगायची. आज म्हणायचंच, असं ठरवून ती फोन लावायची आणि मग विचारायची, "आत्यांची सुई नीट वाजते ना?" तो म्हणायचा, "वाजते." बिचारा आणखी जरा वेळ थांबायचा. मग दोघंही 'ठेवतो', 'ठेवते' म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारायची त्याच्यात धमक नव्हती, आणि न विचारता सांगायची तिच्यात. फोन आठवड्याचे महिन्यावर गेले, आणि पुढे तेही राहिले.

एका दुपारी आत्यांचा फोन आला. ती कोणाची तरी सुई बसवत होती.

"अगं, त्याचं ठरलं," आत्या म्हणाल्या. "त्याच्याच ऑफिसातली आहे. गोड मुलगी आहे. यानं विचारलं आणि पटकन हो म्हणाली."

"छान झालं," ती म्हणाली. चिमटा बाजूला ठेवायला तिला थोडा वेळ लागला. "खूप छान झालं, आत्या."

"हो ना." मग आत्यांनी आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. मला आपलं वेडीला वाटायचं, तुमचं दोघांचं जमेल. माझा अंदाज चुकलाच म्हणायचा."

"नाही, आत्या," ती म्हणाली. "नाही चुकला. जमलं असतं."