मोटारीतली ऊब

सोलापुरात ऊब देणारी मोटार विकत घेणारा माणूस एक तर फार श्रीमंत असावा, नाही तर साहेबाच्या थापांना भुललेला. मल्लप्पा सावकार दोन्ही होते. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या मॅनेजरची ती मोटार. पुढच्या सीटसमोर, पायांपाशी, जाळीची एक पेटी होती. इंजिनातलं गरम पाणी तिच्यातल्या नळ्यांमधून फिरायचं आणि मागचा छोटा पंखा ती ऊब आत सोडायचा. पंख्याच्या बटणाला तीन खुणा होत्या: बंद, मंद, जोर. जिथे बॉनेटवर पापड वाळतात, तिथे त्या बटणाला हात लावणार कोण? ड्रायव्हर धुळाप्पानंही कधी लावला नव्हता.

१९३७च्या पौषात मात्र त्या बटणावर एक जीव अवलंबून राहिला. सावकारांची बायको सुंदरम्मा मैंदर्गीला, माहेरी, सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोर मूठभर, अंगात ऊब धरेना. सोलापूरच्या दवाखान्यात न्या, पण वाटेत वारा लागला तर वाचणार नाही, असं तिथल्या डॉक्टरनं बजावलं. सावकार दवाखान्यात खटपट करायला थांबले आणि त्यांनी मोटार धाडली.

धुळाप्पा दिवस उगवताना मैंदर्गीत पोचला. वाटेत त्यानं बटण फिरवून पाहिलं होतं. मंदवर पंखा हूं की चूं करत नव्हता. जोरवर ठेवला की असा सुटायचा की डोळ्यांत धूळ.

दारातच गाडी लावून त्यानं पेटी उघडली. सुंदरम्माची आई शिवबाई उंबऱ्यात उभी राहिली.

"व्हईल का, धुळाप्पा?"

"व्हईल की, अव्वा."

जिभेला काय हाड असतं! त्यानं एकेक तपासलं. पंखा ठीक, बटण ठीक. जोरवर वीज सरळ पंख्याकडे जाते. मंदवर ती आधी एका वेटोळ्या तारेतून जाते, तिथे तिचा जोर ओसरतो आणि पंखा सावकाश फिरतो. ती तारच मधोमध तुटली होती. पिळून जोडायला जावं तर तिचा भुगा होत होता. तशी तार मैंदर्गीत मिळणार कुठून?

तुटकी टोकं लोंबत होती, पत्र्याला लागून ठिणग्या उडत होत्या. निदान ती जागच्या जागी राहावीत म्हणून धुळाप्पानं कमरेच्या चंचीतून काळ्या लोकरीचा दोरा काढला. जन्मलेल्या बाळाच्या मनगटाला त्याच्या घरी असाच दोरा बांधत. हा त्याच्या लेकीचा, मायाक्काचा होता. सहा वर्षांमागे माळशिरसकडच्या माळावर, मेंढरांच्या तळावर, ती आठ दिवसांची असताना थंडीनं गेली. त्या पहाटे धुळाप्पा मेंढरं राखत बसला होता आणि एकुलती एक घोंगडी त्याच्या अंगावर होती. पुढे त्यानं मेंढरं सोडली, गाव सोडलं. ती घोंगडी मात्र आजही त्याच्या खांद्यावर होती.

लोकरीतून वीज जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यानं टोकं त्या दोऱ्यानं बांधली. मध्ये बोटभर अंतर ठेवलं. मग सवयीनं बटण मंदवर नेलं.

पंखा फिरू लागला. अगदी सावकाश.

त्यानं बटण बंद केलं, पुन्हा मंदवर आणलं. पुन्हा तेच. धुळाप्पाला भीती वाटली. पण पेटी पुन्हा उघडून बघायला वेळ कुणाला होता? त्यानं झाकण लावलं आणि हाक मारली, "बसा, अक्का."

मायलेकी बाळाला घेऊन मागे बसल्या. दोन्ही बाजूंनी हुरड्याला आलेली ज्वारी धुक्यात उभी होती. पेटीतून ऊब येत होती. तिला रबराचा, तेलाचा वास यायला हवा होता. येत होता तो कोकरांचा, ओल्या लोकरीचा, दुधाचा. शिवबाईला डुलकी लागली. सुंदरम्मा मागे हळू आवाजात कानडीत बोलत होती. बाळाशीच असणार.

समोरची काच दोन ठिकाणी धुरकट झाली होती. एक डाग धुळाप्पाच्या तोंडासमोर. दुसरा डावीकडे, रिकाम्या सीटसमोर, बराच खाली.

त्यानं तो फडक्यानं पुसला.

थोड्या वेळानं तो पुन्हा तिथेच आला.

नंतर धुळाप्पानं डावीकडे पाहिलं नाही.

दवाखान्यात नर्सनं बाळ उचललं, पायांना हात लावून पाहिला. "ऊबदार आहे," ती म्हणाली. त्याच क्षणी पोरानं पहिल्यांदा टाहो फोडला. सावकार भिंतीकडे तोंड करून रडले. धुळाप्पाचेही डोळे भरून आले.

मग त्यानं बाहेर येऊन पेटी उघडली. तारेची दोन टोकं बोटभर अंतरावर लोंबत होती. दोरा नव्हता. त्यानं बटण मंदवर नेलं. पंखा हलला नाही.

तो परत आत गेला. सुंदरम्माच्या कुशीत बाळ झोपलं होतं. त्याच्या मनगटावर काळ्या लोकरीचा दोरा होता.

"ह्यो कुणी बांधला, अक्का?"

"तुमच्या पोरीनंच की. पुढं बसली व्हती न्हवं, सहा-एक वर्सांची? मागं वळली अन् बांधला." सुंदरम्मानं बाळाला पदरात आणखी ओढून घेतलं. "बर्फावानी हात व्हता तिचा. एक इचारू, धुळाप्पा? तुमच्या अंगावर घोंगडी व्हती. पोर सारी वाट कुडकुडत व्हती, तिला का न्हाई पांघरलीसा?"